जुन्या नमुन्यांवरून पलंगपोस आणि लेसची कड: दहाव्या ओळीत अडकलेय

सुताचा_गुंता
सुयांवर विणलेल्या (क्रोशाच्या नव्हे) पांढऱ्या सुती पलंगपोसांचं वेड लागलंय. लहान लहान चौकोन, प्रत्येकाच्या एका कोपऱ्यात उठावदार पान. चार चौकोनांचे पानवाले कोपरे एकत्र आणले की मधे चार पानांचं फूल होतं. सगळं जोडून झालं की चहूबाजूंनी लेसची कड. एकोणिसाव्या शतकात ब्रिटन, आयर्लंड आणि अमेरिकेत हे काम फार लोकप्रिय होतं. त्या काळच्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं आता जालावर मोफत मिळतात, म्हणून हिंमत केली.

माझ्यासमोरच्या पानावरचा नमुना मराठीत उतरवते. "वेढा" म्हणजे सुईवर दोरा फिरवून एक टाका वाढवणं, ज्याने भोक पडतं.

३ टाके घाला.
ओळ १: वेढा, १ सुलट, वेढा, १ सुलट, वेढा, १ सुलट.
ओळ २: वेढा, १ सुलट, ३ उलट, २ सुलट.
ओळ ३: वेढा, २ सुलट, (१ सुलट, वेढा, १ सुलट, वेढा, १ सुलट), २ सुलट.
ओळ ४: वेढा, २ सुलट, ५ उलट, ३ सुलट.

पुढेही असंच, पान प्रत्येक विषम ओळीत मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना वाढत जातं. नवव्या ओळीपर्यंत लोण्यासारखं चाललं. दहावी ओळ छापलीय अशी: "वेढा, ५ सुलट, ९ उलट, ६ सुलट". विणून झाल्यावर सुईवर दोन टाके उरतात. उसवून परत विणलं, परत दोन उरले. माझं चुकतंय की पुस्तकाचं?

बाकी शंका: दोरा कुठला, सुया किती नंबरच्या, आणि लेस कोपऱ्यावर वळवायची कशी? पुस्तकात कोपऱ्याबद्दल चकार शब्द नाही.

क्रोशावाली
क्रोशाने करा, निम्म्या वेळात होईल. (पळते आता.)

रिकामा_वेळ
वाचतोय. विणकाम येत नाही, पण धागा रंगणार असं दिसतंय.

मोजपट्टी
पुस्तकाचं चुकलंय. टाके मोजून सांगतो.

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक वेढा आहे, म्हणजे ओळीमागे एक टाका कडेला वाढतो. शिवाय विषम ओळीत पानात दोन वाढतात. दोन ओळींत मिळून चार. दुसऱ्या ओळीनंतर ७ टाके, चौथीनंतर ११, सहावीनंतर १५, आठवीनंतर १९. त्यामुळे दहावीनंतर २३ हवेत: एका बाजूला ६, मधे पानाचे ११, दुसऱ्या बाजूला ६. दहावी ओळ "वेढा, ५ सुलट, ११ उलट, ६ सुलट" अशी वाचा. ११ च्या जागी आठव्या ओळीतला ९ पुन्हा छापला गेलाय, खिळे जुळवणाऱ्याची नजर वरच्या ओळीवर गेली असावी.

आता पुढचं. पान १३ टाक्यांचं होईपर्यंत वाढवा, ती बारावी ओळ आणि एकूण टाके २७. तिथून पान घटायला लागतं: विषम ओळीत पानाच्या सुरुवातीला दोनाचा एक (दोन टाके एकत्र विणून एक), शेवटी दोनाचा एक. कडेचे वेढे मात्र चालूच. म्हणजे दोन ओळींत दोन वाढतात, दोन घटतात, आणि प्रत्येक सम ओळीनंतर एकूण २७ च राहतात. तेविसाव्या ओळीत पानाच्या उरलेल्या तिनाचा एक केला की पान मिटतं. चोविसावी ओळ संपली की दोन्ही बाजूंना १३-१३ आणि मधे पानाचं टोक १. दर दोन ओळींनी मोजत गेलात तर चूक एकाच जोडीत सापडते, सगळा चौकोन उसवावा लागत नाही.

शेवंती
मोजपट्टीदादांनी मुद्द्याचं सांगितलं. जुना नमुना वाचायची हीच रीत आहे: आधी कागद-पेन्सिल, मग सुया. प्रत्येक ओळीत किती टाके खर्च होतात आणि किती उरतात एवढं समासात लिहिलं की छपाईच्या निम्म्या चुका विणण्याआधीच सापडतात.

थोडी पार्श्वभूमी देते, कारण ही पुस्तकं अशी का आहेत ते कळल्याशिवाय त्यांचा राग येत राहतो. विणकामाचे नमुने छापून विकायची लाट आली ती १८४० च्या आसपास. एडिंबरोच्या जेन गॉगेन यांचं 'द लेडीज असिस्टंट' १८४० चं, लंडनच्या फ्रान्सेस लँबर्ट यांचं 'माय निटिंग बुक' १८४३ चं. तोवर विद्या हातातून हातात जायची. छापायचं तर प्रत्येक क्रियेला नाव हवं, आणि सगळ्यांनी मान्य केलेली नावं नव्हतीच. गॉगेनबाईंनी एकेका अक्षराची स्वतःची लिपी बनवली. कुणी उलट टाक्याला "पर्ल" लिहितं, कुणी "सीम", कुणी "बॅक", कुणी "रिब्ड". अमेरिकन पुस्तकात "नॅरो" दिसलं तर तो दोनाचा एक. "ओव्हर" म्हणजे वेढा, आणि "ट्वाइस ओव्हर" म्हणजे एकाच जागी दोन वेढे, ज्यातून पुढच्या ओळीत एक सुलट आणि एक उलट काढायचा. पुस्तक उघडल्यावर पहिल्यांदा खुणांचं पान शोधा. नसेल तर सोपा नमुना विणून खुणा उलगडा.

सुयांचं: ब्रिटिश नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. १४ नंबर म्हणजे २ मिमी, आणि या पलंगपोसांना १४ किंवा त्याहूनही बारीक सुया सांगितलेल्या असतात. पण १८४० च्या दशकात नंबरही एकसारखे नव्हते. ज्याचं माप त्याचा नंबर. लँबर्टबाईंनी त्यासाठीच सुया मोजायची एक चकती सुचवली होती. म्हणून नंबरावर जाऊ नका, विणलेल्या तुकड्याच्या घट्टपणावर जा. उजेडासमोर धरल्यावर पानाच्या भागातून प्रकाश झिरपायला नको आणि वेढ्याच्या भोकांतून मात्र स्वच्छ दिसायला हवा. तयार माप, दर सेंटिमीटरला किती टाके, यातलं काहीच या पुस्तकांत नसतं. आपला तुकडा हेच माप.

नीलाक्षी
शेवंतीताई, एक पटत नाही. नमुना ऐतिहासिक म्हणून विणायचा आणि त्यातली ओळ आपणच दुरुस्त करायची, मग तो मूळ नमुना राहिला का? कदाचित तो ९ मुद्दाम असेल, पानाला काही वेगळा आकार देण्यासाठी.

मोजपट्टी
मुद्दाम असता तर उरलेल्या दोन टाक्यांचं काय करायचं ते लिहिलं असतं. अकराव्या ओळीत पुन्हा बरोबर ११ चं पान गृहीत धरलंय का, तेवढं सुताचा_गुंता यांनी बघावं.

सुताचा_गुंता
बघितलं. अकराव्या ओळीत वेढ्यांच्या आधी ५ आणि नंतर ५ सुलट आहेत, म्हणजे मधला एक धरून ११. छपाईचीच चूक. सुटले!

शेवंती
नीलाक्षी, तुझी शंका योग्य आहे, पण "मूळ" कशाला म्हणायचं हा प्रश्न आहे. पुस्तकवाल्या मंडळी एकमेकींचे नमुने सर्रास उचलत. उचलताना चुका होत, आणि चुकांसकट पुढचं पुस्तक छापलं जाई. ज्या बाईने तो पलंगपोस प्रत्यक्ष विणला तिने अशी ओळ आली की दुरुस्तच केली असणार, नाहीतर पलंगपोस झालाच नसता. मी दुरुस्ती करते आणि वहीत नोंदवते: छापलेलं काय, विणलेलं काय. संग्रहालयातल्या वस्तूची हुबेहूब प्रतिकृती करायची असेल तर नियम वेगळे. तिथे पुस्तकापेक्षा वस्तूचेच टाके मोजावे लागतात.

नीलाक्षी
वहीतली नोंद हा मधला मार्ग चालेल. बाकी माझं मत कायम.

सुताचा_गुंता
आता दोऱ्याबद्दल सांगा. माझ्याकडे चकचकीत मर्सराइज्ड सूत आहे, क्रोशाला वापरतात ते.

शेवंती
या कामाला नको, असं माझं स्पष्ट मत. जॉन मर्सर यांनी सुतावरच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं १८५० मध्ये, पण आज आपण ओळखतो ती रेशमी चमक आली १८९० च्या सुमारास, होरेस लो यांनी सूत ताणून धरून तीच प्रक्रिया केल्यावर. म्हणजे त्याआधीचे पलंगपोस बिनचमकीच्या सुताचे. नमुन्यांमध्ये डर्बीशायरच्या स्ट्रट कंपनीच्या विणायच्या दोऱ्याचा नंबर दिलेला असतो, तो याच जातीचा, घट्ट पिळाचा. आणि इथे प्रश्न नुसत्या इतिहासाचा नाही. रंग एकच, पांढरा. पान दिसतं ते फक्त सावलीमुळे. चमकदार सुतावर प्रकाश इकडे तिकडे परततो आणि उठाव सपाट वाटतो. मळकट पांढऱ्या, बिनचमकीच्या सुतावर तेच पान दुरून दिसतं.

क्रोशावाली
लेसला मात्र चमक छान दिसते, हे मान्य करा.

शेवंती
लेसला मान्य. पण पलंगपोस आणि कड एकाच सुताची हवी, नाहीतर धुतल्यावर दोन्ही वेगवेगळी आटतात आणि कडेला झोल येतो.

रिकामा_वेळ
अवांतर: १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, तेव्हा आपल्याकडचा कापूस तिकडे गेला. त्याला तिकडे सरसकट "सुरत" म्हणत आणि गिरणी कामगार त्याला शिव्या घालत. आखूड धागा, सारखा तुटायचा.

शेवंती
अवांतर कसलं, कामाचं आहे. आखूड तंतूच्या सुताला लव फार, आणि पलंगपोसावर दोन धुण्यांत गोळे येतात. लांब तंतूचं सूत घ्या.

सुताचा_गुंता
आणि आकार? चोविसाव्या ओळीनंतर पुस्तक म्हणतं "चौकोन हवा तेवढा होईपर्यंत". हवा तेवढा म्हणजे केवढा?

मोजपट्टी
हिशोब मांडू. बारीक सुयांवर सेंटिमीटरला ३ टाके येतात असं धरा (तुमचा तुकडा मोजून बदला). विणायला कोपऱ्यातून सुरुवात केलीय, त्यामुळे सुईवरचे टाके चौकोनाच्या कर्णावर असतात, बाजूवर नाही. १५ सेंमी बाजू हवी तर कर्ण साधारण २१ सेंमी, म्हणजे ६५ टाक्यांपर्यंत वाढवावं लागेल. २७ पासून ६५ पर्यंत ३८ ओळी, प्रत्येकीत वेढ्याचा एक. या ३८ ओळींत मधे मधे आडवे उंच पट्टे घालतात, त्याने चौकोनाला अंग येतं. ६५ झाले की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोनाचा एक करत १ टाक्यापर्यंत उतरा.

वाढत्या भागाच्या दोन्ही कडांवर वेढ्यांचे ३१-३१ फासे तयार होतात. चार चौकोन जोडताना हेच फासे एकमेकांना शिवायचे, फाशाला फासा. ३१ आले नाहीत तर एखादा वेढा गळलाय.

किती चौकोन? बाजूला १६ आणि उभे १६, म्हणजे २५६. साधारण अडीच मीटर चौरस. संख्या दोन्हीकडे समच हवी. १५ चौकोन घेतलेत तर एका कडेला अर्धी फुलं येतील. एक चौकोन धुऊन वाळवून वजन करा. समजा १८ ग्रॅम भरला, तर २५६ चे ४ किलो ६०८ ग्रॅम. कड वेगळी.

रिकामा_वेळ
साडेचार किलो! अंगावर घेऊन झोपणार की त्याखाली अडकणार?

शेवंती
ते पलंग सजवायला असायचे, रात्री बऱ्याचदा काढून ठेवत. पण वजनाचा खरा त्रास धुताना. ओला सुती पलंगपोस दोरीवर टाकला तर स्वतःच्या भाराने लांबतो आणि चौकोनांच्या शिवणी ताणतात. आडवा पसरूनच वाळवायचा. आणि तुकडा मोजायच्या आधी गरम पाण्याने धुवायचाच. न धुतलेल्या सुती तुकड्याचं माप म्हणजे थाप.

बाळबोध_विणकर
मधेच बोलतो, लेसवर कुणी येईल का? मी फक्त त्यासाठी धागा वाचतोय. उशीच्या अभ्र्याला लावायचीय. पलंगपोस या जन्मी नाही.

शेवंती
या. ही सगळ्यात सोपी दातेरी कड, जुन्या पुस्तकांत हिचे असंख्य अवतार आहेत. कड आडवी विणतात: टाके फक्त रुंदीपुरते, लांबी हवी तेवढी. म्हणून लांबीचा अंदाज आधी बांधावा लागत नाही, हे तिचं सुख.

८ टाके घाला, एक ओळ सुलट विणा.
ओळ १: १ टाका न विणता घ्या, १ सुलट, वेढा, दोनाचा एक, २ सुलट, वेढा, २ सुलट. (९)
ओळ २, ४, ६: सगळे सुलट.
ओळ ३: पहिलीसारखीच, फक्त मधे २ ऐवजी ३ सुलट. (१०)
ओळ ५: मधे ४ सुलट. (११)
ओळ ७: मधे ५ सुलट. (१२)
ओळ ८: ४ टाके बंद करा, उरलेले सुलट. (८)

आठ ओळींचा एक दात. पहिला टाका न विणता घेतल्याने सरळ कडेला साखळी पडते, दोन ओळींना एक दुवा. बंद करताना हात सैल ठेवा. तो घट्ट झाला की दाताचं टोक आत ओढलं जातं आणि ते ताणूनही सुटत नाही.

बाळबोध_विणकर
जमलं की! दात खरंच दिसतायत. पण गुंडाळी होतेय.

शेवंती
धुवा, ओली असताना प्रत्येक टोकाला टाचणी लावून वाळवा. न गंजणाऱ्या टाचण्या. लेस टाचणीवर वाळेपर्यंत लेस नसते, चिंधी असते.

नीलाक्षी
झालर कुणाला हवी असेल तर: आयर्लंडच्या माउंटमेलिक गावी १८२५ च्या सुमारास सुरू झालेल्या पांढऱ्यावर पांढऱ्या भरतकामाला कडेला विणलेली झालरच लावतात. सुताचे तीन-चार पदर एकत्र घ्या, १२ टाके, आणि प्रत्येक ओळ एकच: (वेढा, दोनाचा एक, १ सुलट) चार वेळा. हवी तेवढी लांबी झाली की अर्धे टाके बंद करा आणि उरलेले अर्धे सुईवरून सोडून शेवटपर्यंत उसवा. उसवलेल्या भागाचे फासे लोंबतात, तीच झालर. मला दात्यांपेक्षा हीच आवडते. कोपऱ्यावर काही करावंच लागत नाही, फासे आपोआप पसरतात.

सुताचा_गुंता
उसवायचं मुद्दाम! मला हे आधीच जमतंय. पण मला दातेच हवेत. विणून मग शिवू, की पलंगपोसाला जोडत जोडत विणू?

शेवंती
मी शिवते. जोडत विणायचं तर साडेचार किलोचं धूड प्रत्येक ओळीला मांडीवर फिरवा. शिवाय कड आधी फाटते. शिवलेली असेल तर काढून नवी लावता येते.

नीलाक्षी
मी जोडत विणते. शिवण दिसत नाही आणि जोड तितकाच लवचिक राहतो. सम ओळीचा शेवटचा टाका पलंगपोसाच्या कडेवरून उचललेल्या एका टाक्याबरोबर दोनाचा एक करून विणायचा. आठ ओळींच्या दाताला चार टाके लागतात.

मोजपट्टी
जोडत विणणाऱ्यांसाठी सावधगिरी. पलंगपोसाची बाहेरची कड म्हणजे चौकोनांच्या घटत्या भागाची कड. ६५ वरून १ वर यायला ६४ ओळी, म्हणजे प्रत्येक बाजूला ३२ पायऱ्या. साहजिकच हात ३२ टाके उचलायला जातो. पण ही कड तिरकी आहे. दोन्ही बाजूंनी सुलट वीण असेल तर ३२ पायऱ्यांची तिरकी लांबी सरळ विणलेल्या ३२ जोड-ओळींच्या (दोन ओळींची एक जोडी) सुमारे १.४ पट भरते. ३२ च उचललेत तर लेस आखडून पलंगपोसाला चुण्या पडतील. ३२ गुणिले १.४ म्हणजे ४५ टाके उचला. सोळा चौकोनांना ७२०, चाराने भागून १८० दात एका बाजूला.

नीलाक्षी
हे माहीत नव्हतं, मी डोळ्याने अंदाजच घेत आलेय. घट्ट वाटलं की मधे एखादा जादा.

शेवंती
डोळ्याचा अंदाज आणि १.४ एकाच ठिकाणी पोचतात. आता कोपरा. जुन्या नमुन्यांत तो नसतो कारण सांगायची गरज कुणाला वाटली नाही: कड कोपऱ्याला सैल सोडून चुण्या घालत. लेस साडेतीन सेंमी रुंद असेल तर तिच्या बाहेरच्या काठाला कोपरा वळताना साधारण साडेपाच सेंमी जास्त लागतात, म्हणजे चार दात जादा. शिवणार असाल तर तेवढी जादा लेस कोपऱ्याच्या आसपास गोळा करून शिवा, सगळी एका बिंदूत कोंबू नका.

मोजपट्टी
जोडत विणणाऱ्यांनी कोपऱ्याच्या अलीकडचे ८ आणि पलीकडचे ८ टाके प्रत्येकी दोनदा जोडावेत. १६ जोड जादा, म्हणजे बरोबर चार दात, आणि चाराची पटही मोडत नाही.

दोनदा जोडायचं म्हणजे पहिल्या खेपेला उचललेला टाका सुईवरून सोडायचा नाही. दुसऱ्या खेपेला सोडायचा.

सुताचा_गुंता
ठरलं. आधी चारच चौकोन करते, एक फूल. त्याला जोडत लेस लावून कोपरा जमतो का बघते, मग धुऊन वजन. बाजूला दोन चौकोन म्हणजे ९० टाके उचलायचे ना?

मोजपट्टी
९० ला ४ ने भाग जात नाही. ८८ उचला, २२ दात. कोपऱ्यांचे वेगळे.

क्रोशावाली
आणि कंटाळा आला तर मी आहेच.